परतीचा पत्ता

आमच्या गावात दारावर टकटक करत नाहीत.
सरळ आत यायचं, बूट काढायचे
आणि हाक मारायची, कोण आहे का घरात?
क्लाक्सविकच्या असल्या गल्लीत वाढलेली मी
आज सकाळपासून बंदर-कचेरीच्या तळघरात
एका दाराला कुलूप बसवते आहे.

सर्व्हर म्हणजे काय, एक करडं खोकं,
वाळत घातलेल्या रबरी बुटांशेजारी घुरघुरणारं.
त्यात अकरा माणसांचा बावीस वर्षांचा कोड:
भरती-ओहोटीची गणितं, फेरीबोटीच्या वेळा,
आणि बाइनिरचा मेंढ्या मोजायचा प्रोग्राम,
ज्याचं उत्तर दर वेळी एकानं कमी येतं.
पासवर्ड अकरा. त्यातले सात
मॉनिटरच्या बुडाला चिकटवलेले.

तोरशाव्नहून पत्र आलं, पुरे झालं हे.
यापुढे कोण कोण आहे ते आम्ही सांगू,
तुम्ही फक्त विचारा.

म्हणजे असं, की माणूस दाराशी येणार,
दार म्हणणार, आधी राजधानीला जाऊन ये.
तो जाणार, नाव सांगणार,
सही-शिक्क्याची चिठ्ठी घेऊन परतणार,
डोळ्याचं पातं लवायच्या आत.
माझ्या दारानं तोंड बघायचं नाही.
चिठ्ठी बघायची.

पहिली चिठ्ठी परतलीच नाही.
परतीच्या पत्त्याच्या शेवटी एक तिरकी रेघ
त्यांच्याकडे होती, माझ्याकडे नव्हती.
तेवढ्यासाठी दोन तास, आणि थंड झालेली कॉफी.

दुसरी आली, तर दार अडून बसलं:
ही अजून लिहिलीच गेलेली नाही.
खोक्याचं घड्याळ सात मिनिटं मागे.
खोटं नव्हतं बोलत बिचारं.
तळघरात वेळ जरा उशिराच उतरते.

मग जुनी खाती नव्या ओळखींना जोडायला घेतली.
ईमेलला ईमेल, जशी धुतलेल्या मोज्यांची जोडी लावावी.
दहा जुळली.
अकरावं सुन्व्हाचं.
राजधानी म्हणाली, अशी कुणी व्यक्ती नाही.

खरंच आहे. दोन हिवाळे झाले.

पण सामुद्रधुनीच्या गणितात
तिनं एका जागी अकरा मिनिटं वाढवलीत
आणि वर लिहून ठेवलंय:
इथे पाणी उशिरा वळतं. आबांना विचारा.
आबाही गेले. बोटी अजून
त्या अकरा मिनिटांवर विसंबून जातात.

पडद्यावर एक चौकोन होता, आधीच खूण केलेला:
न जुळलेली खाती काढून टाका.
मी खूण पुसली.
लॉगिन बंद, नाव चालू, असं ठेवलं.
नियमात बसतं की नाही, विचारलं नाही.

जिन्यावरून बाइनिर म्हणाला,
आणि समुद्रातली केबल तुटली तर?
मागच्या साली तुटली होती की.
तेव्हा कोण सांगणार तू कोण ते?

म्हणून एक जुनं दार राखलंय, मागच्या बाजूला.
त्याचा पासवर्ड कागदावर,
कागद मेणकापडात,
मेणकापड बुटांच्या फळीवरल्या डावीकडच्या जोडात.
सदतीस नंबर. कुणाच्याच पायाला होत नाहीत,
आणि कुणी हलवतही नाही.

संध्याकाळी बाइनिरनं वरून प्रयत्न केला.
गेला राजधानीला, आला.
"आलो आत!" तो ओरडला.
"बूट काढ," मी खालून म्हणाले.