कोपर

रिसेप्शनच्या भिंतीवर लावायचीत म्हणे
कंपनीच्या वेबसाइटची जुनी तोंडं.
पंचवीस वर्षं झाली. नवा मार्केटिंगवाला
'वारसा' हा शब्द इतक्यांदा बोलला
की वाटलं, कुणाच्या तरी सातबाऱ्याचं काम निघालंय.

मला बोलावलं, कारण मी सगळ्यांत जुनी.
सपोर्टला बसते. अंबडच्या पत्र्याच्या शेडपासून आहे,
आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे.

अकरा सीडी निघाल्या.
एकीवर कुणीतरी चहाचा कप टेकवलेला,
त्याचं वर्तुळ अजून चिकट.

पहिलं पान उघडलं
तर मराठी सगळी विस्कटलेली:
उभ्या रेघा, डॉलर, मधेच एखादी वेलांटी,
दाताखाली खडा आल्यागत.
तो फॉन्ट आता कुठेच मिळत नाही,
म्हणजे रेहाना तांबोळीकडे मिळतो,
भद्रकालीत, लग्नपत्रिकांच्या दुकानात,
जुन्या मशिनवर, जे ती नेटला जोडत नाही.
'जोडलं की मरेल ते,' म्हणाली,
आणि पेन ड्राइव्ह ओढणीला पुसून दिला.

मग अक्षरं एकेक करून जागेवर बसली.
निळ्यावर पिवळी. उजवीकडून डावीकडे
सरकत राहणारं 'सहर्ष स्वागत'.
खाली, ठळक:
'पतसंस्थांसाठी एकमेव विश्वासहार्य प्रणाली'.
विश्वासहार्य.
तेव्हा कुणाच्याच डोळ्यांत आलं नाही.
दिंडोरी-निफाडच्या चाळीस संस्था
त्या चुकीवर विश्वास ठेवून आल्या.
भेट देणारे: चारशे बारा.
त्यांतले तीनशे आम्हीच,
आकडा वाढला का ते रोज सकाळी बघणारे.

मार्केटिंगवाला म्हणाला, 'एवढं दुरुस्त करून घेऊ.'
म्हटलं, बाबा रे, दुतोंड्या मारुतीला विचारून ये.
पाणी कमरेला लागलं त्या साली
कमरेलाच लागलं म्हणतात.
पूर ओसरल्यावर कुणी ते
घोट्यापर्यंत उतरवून ठेवत नाही.

असं म्हटलं खरं.

मग २००३चं पान आलं.
क्षेमकल्याणी साहेब आणि मोगल सर,
एकाच टेबलाला टेकून,
मागे नव्या ऑफिसचं ओलं प्लॅस्टर.
आणि २००६चं. तोच फोटो, साहेब एकटे.
फक्त डाव्या काठाला
चौकड्यांच्या शर्टातलं एक कोपर.

कापणारी मीच.
रात्रीचे साडेनऊ, साहेब पाठीशी उभे,
'अजून थोडं आत घे,' एवढंच म्हणाले.
अजून आत घेतलं असतं तर
साहेबांचा कान गेला असता.

मोगल सर नंतर कुठे गेले, विचारलं नाही.
त्यांनी लिहिलेलं व्याजाचं गणित मात्र
अजून आमच्याच सर्व्हरवर चालतं,
रोज रात्री बाराला, न चुकता.
ते उघडून बघायची कुणाची छाती होत नाही.

शालिमारच्या प्रिंटरला फाइल पाठवली,
सोबत लिहिलं: कडा कापू नका. एकही.

शनिवारी फ्रेमा लागल्या.
साहेब सगळ्यांत शेवटी आले, गुडघा धरत.
पहिलं पान वाचलं, हसले,
विश्वासहार्यपाशी थांबले नाहीत.
२००६पाशी बराच वेळ उभे.
'बारीक होतो नाही मी तेव्हा?' म्हणाले.

बोट मात्र काचेच्या
पार डाव्या टोकाला टेकलेलं.