तात्पुरतं

इश्पेमिंगला एप्रिलातही बर्फ असतो,
काळवंडलेला, गॅरेजच्या मागे दबा धरून बसलेला.
पाच महिने रस्त्यांवर मीठ टाकतात इथे.
खाल्ल्या मिठाला माणसं जागतात म्हणे.
इथलं मीठच खातं, आणि कुणालाच जागत नाही.
सुरुवात करतं ते गाडीच्या पोटापासून.

गाडीखाली पुठ्ठा सरकवला होता.
सोमवारी त्यावर बशीएवढा डाग.
गुरुवारी ताटाएवढा.

गावातल्या गॅरेजवाल्याने नऊशे डॉलर सांगितले.
"नऊशे?" बाबा म्हणाले,
"त्याच्या आजोबाला खाणीत
माझ्या डब्यातलं अर्धं देत होतो मी!"
मग बहात्तर डॉलरचा नवा ऑइल पॅन पोस्टाने आला,
काळा, कोरा,
केकच्या साच्यासारखा खोल.

आता मी गाडीखाली उताणी
आणि बाबा घडीच्या खुर्चीत,
खुब्याचं नवं हाड सांभाळत, ब्लँकेट गुंडाळून.
त्यांना दिसत नाही काहीच.
ते कानाने काम करतात.
"अकराचा पाना लावलायस. दहाचा घे."
बघते तर खरंच अकराचा.
ड्रिलच्या आवाजात ज्यांचा कान गेला,
जेवायला हाक मारली तर ज्यांना ऐकू येत नाही,
त्यांना हे कसं ऐकू येतं
ते विचारायची सोय नाही.

"जॅकवर लाकडाची फळी ठेव.
लोखंडाला लोखंड भिडवायचं नाही."
फळी ठेवली. इंजिन उचललं दोन बोटं.
दोन बोटांच्या फटीत हात घालायचा
म्हणजे तो हात आपला नव्हे
असं समजून चालायचं.

सोळा बोल्ट.
पंधरा निघाले, कुरकुरत, गंजाची भुकटी डोळ्यांत सांडत.
सोळाव्याचं डोकं झिजून गोल झालेलं,
कशालाच धरू देईना.
माझ्यावर गेलेला.
म्हणजे बाबांवर.
शेवटी लहान मापाचा पाना हातोडीने ठोकून बसवला
तेव्हा कुठे करकचून एक शिवी दिल्यासारखा फिरला.
(शिवी मीच दिली होती. बाबांनी ती मात्र ऐकली नाही.)

पॅन सुटला. छातीवर आला,
गारढोण, गंजून पापुद्रे निघालेला,
तळाशी काळी साय.
चिंध्यांनी पुसत गेले
आणि कोपऱ्यात लागलं एक ठिगळ.
राखाडी लांबी, दगडासारखी घट्ट,
आणि तिच्यात अंगठा.
अख्खा अंगठा उमटलेला, आडव्या वळासकट,
तो वळ मला पाठ आहे,
साखळीत सापडलेल्या अंगठ्याचा.

नऊ वर्षांपूर्वी ही गाडी त्यांनी मला
एका डॉलरला विकली होती.
फुकट दिलं तर लाभत नाही म्हणाले.
मी एकटी डुलुथला निघाले होते, नर्सिंगला,
भर जानेवारीत, चार तासांचा रस्ता.
"सगळं तपासलंय," एवढंच बोलले होते.
आदल्या रात्री किती वाजेपर्यंत
याच फरशीवर पाठ टेकून होते, ते नाही बोलले.

आणि गळती ठिगळातून नव्हतीच.
शेजारून होती. चार बोटं अंतरावरून.
ठिगळ शाबूत.

मी पॅन सरकवत बाहेर ढकलला, त्यांच्या बुटांपाशी.
वर बराच वेळ काही हललं नाही.
मग खुर्ची करकरली.

"ते तात्पुरतं होतं," बाबा म्हणाले.

नवा पॅन चढवला. सीलंटची बारीक धार,
बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, घाई नाही.
रात्रभर वाळू दिला.
सौनात बसून कोपरापर्यंतचं तेल घासलं,
नखांतलं तरी राहिलंच.
सकाळी तेल ओतलं, इंजिन सुरू केलं,
दहा मिनिटं दोघंही गप्प.

"दिसतंय का काही?" बाबांनी विचारलं.
त्यांना वाकता येत नाही.
मी गुडघ्यांवर बसून, गाल फरशीला लावून पाहिलं.
"पुठ्ठा," म्हटलं.

जुना पॅन भंगारात द्यायचाय.
भंगारवाला दर गुरुवारी येतो.
दोन गुरुवार होऊन गेले.