दोन काड्या

वहीच्या शेवटच्या पानावर, जिथे कुणी बघत नाही,
मी नोव्हेंबरात लिहिलं होतं:
तृतीय सोपान. गणितात साठ. रात्रीचा पहारा एकट्याने.
आणि खाली, जरा बारीक अक्षरात,
दोन काड्यांत आग.

कापगते सर म्हणतात, तिसरी काडी म्हणजे नापास.
स्काऊटच्या पुस्तकातही तेच आहे.
पुस्तक लिहिणाऱ्याने इटियाडोहाकडचं धुकं
बहुतेक पाहिलं नसावं.

पहिली सहल डिसेंबरात.
तंबूला आतून दव, बुटांना बाहेरून चिखल,
आणि सागाची पानं वाळलेली
नुसती दिसायला.
पहिली काडी फुर्रकन गेली. दुसरीचं डोकंच तुटलं.
शहाऱ्यांचा चेतन हसला,
"काजवा धरून आन बे, काजवा!"
सर काहीतरी लिहीत होते.
मला ते उलटं, दुरूनही वाचता आलं:
पुन्हा.

त्या रात्री पहाऱ्यावर मीच.
एकटा म्हणजे अगदी एकटा नाही,
टिटवी होती,
आणि तंबूत उईक्यांचा नीलकंठ झोपेत
गाठींची नावं बडबडत होता:
खुंटगाठ, सुरगाठ, आई.

जानेवारीत आम्ही चौदा किलोमीटर चाललो.
बांध्यांमधून, जिथे धान कापून झालेला,
आणि लाखोरी कोवळी, पोटऱ्यांना गार लागणारी.
तिबेटी वस्तीत अर्ध्या घरांना कुलपं.
माणसं स्वेटर विकायला शहरांत गेलेली,
झेंड्यांच्या माळा तेवढ्या घरी.
एका म्हाताऱ्याने गंजभर चहा केला, मिठाचा.
चेतनने घोट तोंडात धरून ठेवला
थेट कुंपणापर्यंत.
मी प्यायलो. यादीत नव्हतं, तरी प्यायलो.

मग तीनच्या सुमारास आभाळ
करपलेल्या भाताच्या बुडासारखं झालं.
आधी वारा, मग बोरांएवढ्या गारा.
तणसाच्या ढिगाला चिकटून आम्ही,
डोक्यांवर भांडी, आणि प्रत्येक डोक्याचा
सूर वेगळा, कढईचा, परातीचा, माझ्या डब्याचा.
सर ओरडत होते, मोजा रे, स्वतःला मोजा!
एक, दोन, करत आठपर्यंत आलो.
नववा नीलकंठ ढिगाच्या पलीकडे
एकटाच रडत होता आणि सांगत होता,
"मी रडून नाई रायलो."

गारा थांबल्या तेव्हा थंडी खरी सुरू झाली.
नीलकंठचे ओठ पिकल्या जांभळाचे.
मला कुणी काही सांगितलं नाही.
मी ढिगात हात घातला, कोपरापर्यंत,
मग खांद्यापर्यंत, गाल तणसाला टेकवून.
आत गेल्या महिन्याचं ऊन
तसंच राहिलेलं,
कोरडं, जरासं उबदार, उंदरांच्या वासाचं.
मूठ मूठ उपसलं.

पहिली काडी ओली. दुसरीही.
तिसरीने नुसता वास दिला.
चौथीला धूर आला आणि वाऱ्याने नेला.
पुढच्या दोन कशा गेल्या आठवत नाही.
सातवीने धरलं.

कुणी मोजत नव्हतं.
सर नीलकंठचे तळपाय चोळत होते,
चेतन पहिल्यांदाच गप्प, आपला कोरडा रुमाल
न मागता पुढे करत.
मी मोजत होतो.
घरी येऊन वहीत सातच लिहिले,
पाचही लिहिता आले असते.

परीक्षा घेणारे साहेब फेब्रुवारीत आलेच नाहीत,
रस्ता खचला म्हणे, आता पुढच्या वर्षी.
गणितात एकोणपन्नास.

परवा पहाटे बाबा तलावातून डोंगा ओढत आले,
बोटं जाळं धरून धरून
तशीच वाकडी राहिलेली.
मी पाळीवर काटक्या रचल्या,
खाली तणस, वर बाभळीच्या बारीक फांद्या,
पाठ वाऱ्याकडे.
एक काडी ओढली.
लागली.
दुसरी पेटीत खुळखुळली.

बाबांनी जाळावर हात धरले,
उलटे, मग सुलटे.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
"शाळा नाई का आज?"
हाय ना, म्हटलं.
पहिला तास गणिताचा.