एक गुण

चोपड्याचा सरकारी दवाखाना, खोली बारा.
पंख्यानं कागद उडू नयेत
म्हणून त्यांच्यावर स्टॉपवॉच.
ठगूबाईंना विचारते,
केळं आणि संत्रं, यांत सारखं काय?

त्या हातांकडे बघतात.
बोटांवर चिकाचे काळे डाग,
तीस वर्षं घड उतरवल्याचे.
मघाशी घड्याळ काढलं, गोल, सुरेख,
काटे राहिले.
उलटे आकडे तिसऱ्यावर अडले.

'दोन्हीस्ले सोलनं पडस.'

पुस्तकात याला एक गुण.
'फळं' म्हणाल्या असत्या, तर दोन.
मी एक लिहिते,
आणि समासात, बारीक अक्षरात,
त्यांचं अख्खं वाक्य.

'आखो कितलं, पोरी?'
त्या विचारतात.

पेन्सिल खाली ठेवते,
खुर्ची त्यांच्या बाजूला ओढते.
स्टॉपवॉच
बंद करायचं राहून जातं.