उजवीकडची सीट

गल्लीत तिला शेळी म्हणतात.
सेलिका, मी सांगते. टोयोटा. चौऱ्याहत्तरची.
हाओ, शेळीच, म्हणतात चंदनखेडे काकू
आणि तिच्या बॉनेटवर वाळत घातलेल्या मुगवड्या
एकेक करून उलटतात.

धंतोलीतल्या कुकडे डॉक्टरांनी ती कुवेतहून आणलेली,
स्टिअरिंग डावीकडे.
बाबा तिचे ड्रायव्हर, एकवीस वर्षं.
डॉक्टर गेले, तशी ती चिंचेखाली उभी राहिली.
मागच्या सीटवर मांजरी व्याल्या,
सायलेन्सरात कुंभारमाशीनं घर बांधलं.
भंगारवाला अठरा देतो, बाई म्हणाल्या, तू किती देशील?
मी वीस दिले. हजार.
दिवाळीचा बोनस, आणि आणखी एक वस्तू मोडून,
जी आई अजून कपाटात शोधते.

मी टर्नर. हिंगणा एमआयडीसी, दिवसपाळी.
लेथवर दुसऱ्यांचे बुश, दुसऱ्यांचे शाफ्ट;
जेवणाच्या सुट्टीत तिचे,
साहेबाला विचारून, कधी न विचारता.
मे महिन्यात पान्याला हात लावता येत नाही,
म्हणून पहाटे साडेचारला पत्र्याखाली,
कपाळाला टॉर्च बांधून, कूलरच्या टपटपीत.
पुट्टी लावेस्तोवर वाळते.

रविवारी मोमिनपुऱ्याचे इसरारभाई येतात डेंटिंगला.
पत्रा ते ठोकत नाहीत, समजावतात:
आतून लाकडी ठोकळा, वरून एवढीशी हातोडी,
मग डोळे मिटून तळहात फिरवतात.
"यहाँ अब्भी नाराज है."

सगळे म्हणाले संत्र्याचा रंग मार, नागपूरची गाडी.
दाराचं रबर काढलं तर खाली
तिचा स्वतःचा रंग निघाला, ऊन न लागलेला,
तुरीच्या ओल्या दाण्यासारखा.
थंडीपर्यंत थांबले.
मग पावशेर शेंगा सोलत
पेंटच्या दुकानात उभी राहिले तासभर.
मागे लिहिलेलं 'लेफ हॅन्ड डिराव्ह' मात्र खरवडलं नाही.

इंजिनाचं जमलं नाही.
ब्लॉकला तडा, करंगळीएवढा.
पुण्याचा एक जाणकार फोनवर म्हणाला,
ओरिजिनल नसेल ताई, तर ती सेलिका नव्हेच.
आठ दिवस मी पत्र्याखाली गेले नाही.
नवव्या दिवशी कळमन्यात
एका मेलेल्या अ‍ॅम्बेसेडरच्या पोटात इसुझू सापडलं.
तेही तिकडचंच.
टॅक्सीत उमर काढलेलं, दुसऱ्याच्या नावावर धावलेलं.
त्याचे माउंट मीच बनवले,
तीनदा चुकले. चौथ्यांदा बसले, तेही जरा तिरपे.

बाबांना आता साखरेपायी दिसत नाही.
गाडी सुरू झाली तेव्हा ओट्यावरून म्हणाले,
"हा तिचा आवाज नाई."
इसरारभाईंनी हात पुसायला घेतले,
बराच वेळ पुसले.
बाबा चाचपडत आले. दार उघडलं, लावलं.
पुन्हा उघडलं, लावलं.
खट्.
"दार तिचंच हाय."

काल काटोल रोडनं नेली.
मी डावीकडे. बाबा उजवीकडे,
जिथं सात वर्षांची मी बसायची, खाली उशी घेऊन,
डॉक्टर घरी असले की;
कारण डावीकडून ट्रकाच्या पलीकडचं दिसत नाही,
सांगायचं काम माझं:
थांबा बाबा. आता जा बाबा.

फेटरीच्या पुढं कडब्याची ट्रॉली, रस्ताभर सांडत.
मी मान लांब केली, काही दिसेना.
बाबांनी काच खाली फिरवली,
कान बाहेर धरला,
डावा हात माझ्या गिअरवरच्या हातावर.
"थांब," म्हणाले. "मोठे टायर हायेत."

ट्रक गेला. तोंडात धूळ, कडब्याचा भुसा.

"आता घाल."