कारण : इतर

मुद्रांकाच्या पाठीवर मी चार गोष्टी लिहितो :
नाव, पत्ता, रक्कम, कारण.
कोर्टाच्या भिंतीला पाठ लावून एकतीस वर्षं,
दगू गांगुर्डे, परवानाधारक.
पेन निळं, शिक्का जांभळा.
शेजारच्यांनी प्रिंटर घेतले.
माझ्याकडे अजून अक्षर आहे.

प्रज्ञा पगारे पहिल्यांदा आली,
तेव्हा टेबलावर चहाचा ग्लास ठेवायलाही जागा नव्हती.
“पाचशेचा एक द्या.”
कारण?
“चित्र.”

भाडेकरार, प्रतिज्ञापत्र, नावात बदल, वाटणी –
माझ्या वहीत माणसं एवढ्याच कारणांनी जगतात.
मी लिहिलं : इतर.
ती त्या शब्दाकडे बघत राहिली,
वांगं निवडताना देठाशी भोक आहे का बघावं, तशी.

मग दर सोमवारी.
एका कागदावर तिनं विकली
कोर्टाच्या भिंतीवरची, दुपारी तीनची, स्वतःची सावली.
चतुःसीमा मला विचारून घातल्या :
पूर्वेस झेरॉक्सवाला, पश्चिमेस रसवंती,
दक्षिणेस वकिलांच्या स्कूटरी, उत्तरेस नोटीसबोर्ड.
येणेप्रमाणे मिळकत,
जल तरू तृण काष्ठ पाषाण निधी निक्षेपासह,
राजीखुशीने, नशापाणी न करता.
मी हसलो. सावलीत कसला आलाय निधी?
“काका, शोधतेय,” म्हणाली.

वडील तिचे नाशिकरोडच्या छापखान्यात.
आयुष्यभर ताव मोजले,
भोंगा झाला की फाटकाशी हात वर,
खिसे उलटे, डबा उघडा.
एक कोरा कपटाही घरी आला नाही कधी.
त्या हातांचं चित्र तिनं काढलं नाही.
नुसते ठसे घेतले, घामाचे, दिसतील न दिसतील असे,
आणि खाली माझ्याकडून लिहून घेतलं :
अक्षरी रुपये शून्य फक्त.
‘फक्त’ लिहिताना पेन अडलं.
शाई संपली नव्हती.

गंगापूर रोडला प्रदर्शन लागलं. गेलो,
इस्त्रीचा शर्ट घालून.
काचेमागे माझं ‘इतर’, सतरा वेळा,
एकही दुसऱ्यासारखं नाही.
सातपूरचा एक कारखानदार सावलीपुढं उभा.
विचारत होता, उताऱ्यावर माझं नाव कधी चढेल?
त्याच्या वकिलानं चष्मा पुसला :
“विकणारी जिवंत आहे तोवर ताबा अवघड आहे, साहेब.”
कारखानदारानं तरी चेक फाडला.

मला ती कोपऱ्यात घेऊन गेली.
“तुमचं अक्षर फुकट वापरलं मी. हा करार.”
लिहून देणार : दगू. लिहून घेणार : प्रज्ञा.
अक्षराचं भाडं दरमहा दोनशे,
मुदत अकरा महिने, अथवा
गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागेपर्यंत,
यांपैकी जे आधी घडेल ते.
साक्षीदार म्हणून झेरॉक्सवाल्याची सही,
त्याच्या आयुष्यातली पहिली, जी त्यानं स्वतः मूळ प्रतीवर केली.

आता आषाढ संपत आलाय.
धरणातून पाणी सोडलं की सराफ दुकानं आवरतात,
भांडीवाले पितळ माळ्यावर चढवतात,
आणि मी, ज्याचं काठावर काहीच नाही,
टेबल बंद करून नदीवर जातो.

काल गुडघे.
आज कमर बुडली. माणसं मोबाईल धरून उभी.
एक बाई म्हणाली, रात्रीत छातीला लागेल बघा.
माझा उजवा हात खिशात होता,
मुठीत दरमहाच्या दोनशेची घडी.

सकाळी पाणी उतरलेलं.
गाळाची रेघ कमरेच्या चार बोटं वर.
टेबल मांडलं. पहिलं गिऱ्हाईक, लग्न मोडलेला एक पोरगा.
कारण?
तो गप्प.
मी थांबलो, जेवढा कधी थांबत नाही तेवढा,
दुसऱ्याच्या मालकीचं अक्षर हातात धरून.