काटा

तिसऱ्या गिअरपर्यंत गाडी गुणाची.
पाच हजार फेऱ्यांवर मात्र
मागून कुणी कॉलर धरल्यासारखी थबकते.

क्षितिज हेडाऊ म्हणाला, काका, टर्बो मोठा टाकला,
इंजेक्टर बदलले, पंप तर तुम्हीच बसवला दिवाळीत,
मग आता काऊन अशी करून रायली?
मी म्हटलं, थांब राजा. तिलाच विचारू.

वाडीत, ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे माझं शेड.
मे महिन्यात पाने ओल्या गोणपाटाखाली ठेवावे लागतात,
नाहीतर तळहातावर नंबर उमटतो, चौदा, सतरा.
कूलरचं तोंड बॉनेटकडे.
माणसांनी आपापलं बघावं.

रेलवर टी बसवली, बॉनेटच्या फटीतून नळी काढली
आणि गेज काचेवर बाहेरून चिकटवला, आपल्याकडे तोंड करून.
आत घ्यायचा नाही कधीच.
पेट्रोल आहे ते,
मांडीवर घ्यायचं पोर नाही.

हिशेब साधा आहे.
मुळात तीन बार. त्यावर टर्बो जितकी हवा ढकलेल
तितकंच पेट्रोलनं वर चढायचं.
एक बार हवा, तर चार बार पेट्रोल.
ते मागे राहिलं की इंजिन कोरडे घास गिळतं
आणि पिस्टनच्या डोक्यावर
टाचणीनं टोचल्यासारखे ठिपके पडतात.

पहाटे साडेचार. आउटर रिंग रोड.
ट्रकवाले टपरीवर, रस्ता मोकळा.
शेजारी माझी अबोली, पॉलिटेक्निकचं दुसरं वर्ष,
मांडीवर वही, डोक्याला टॉर्च.
तीन, ती वाचते.
साडेतीन.
तीन-आठ.
तीन-सहा.
तीन-दोन, बाबा, सोडा!
मी पाय उचलला.
जामठ्याच्या बाजूनं उजाडत होतं, आम्ही दोघं गप्प.

फिल्टर कापून पाहिला. स्वच्छ.
रेग्युलेटरची हवेची नळी हुंगली, पेट्रोलचा वास नाही,
म्हणजे आतला पडदा शाबूत.
परतीची नळी जरा चिमटली तर काटा वर पळाला,
म्हणजे पंपात जीव आहे.
क्षितिज म्हणाला, दुसरा मागवू का? बारा हजार. उद्या येते.

मी नाही म्हटलं.
पंधरा वर्षांपूर्वी एकाच्या गाडीत मी तीन पंप बदलले,
पैसे तिन्हींचे घेतले,
आणि दोष निघाला टाकीतल्या जाळीत.
तो माणूस अजून जरीपटक्यात भेटतो.
हात वर करतो.
मी काच वर करतो.

दुपारी तर्री-पोह्याचा कागद चाटता चाटता अबोली म्हणाली,
पंपापाशी व्होल्ट किती येतात?
बॅटरीवर तेरा-आठ.
मागची सीट उचलली, लांब वायरी लावल्या, इंजिन चालू ठेवलं.
दहा-नऊ.
एक टोक पंपाच्या निगेटिव्हला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला:
शून्याच्या जवळ यायला हवं होतं.
एक-आठ.

म्हणजे वाट तिथं अडलेली.
काळी वायर, तिचा स्क्रू,
आणि स्क्रूखाली गाडीचा चकचकीत पांढरा रंग, जसाच्या तसा.
घासलाच नव्हता.
अर्थ लागलाच नव्हता कुठं.
वायरही कंपनीची, बारीक, जुन्या छोट्या पंपापुरती.

स्क्रूवर माझी खूण होती.
लाल नेलपॉलिशचा ठिपका, मीच लावतो,
पक्कं कसलं याची साक्ष म्हणून.

कूलरचा आवाज तेव्हा फार मोठा वाटला.
क्षितिज मोबाईलमध्ये बघत होता.
म्हणता आलं असतं की कंपनीचा दोष आहे, त्याला काय कळतंय.
मी म्हटलं, बे क्षितिज, हे माझं आहे.
तो म्हणाला, काय?
पुन्हा सांगावं लागलं.

पॉलिशपेपरनं पत्र्याचा रंग काढला, चांदीसारखं निघेपर्यंत.
जाड वायर बॅटरीपासून थेट, फ्यूज, रिले.
दुसऱ्या पहाटे परत तोच रस्ता.
अबोली वाचत गेली:
साडेतीन. तीन-आठ.
चार.
चार.
चार.
मग तिनं वाचणं सोडलं, आणि मी जरा जास्तच पळवली.

बिलात फक्त वायर, रिले, फिल्टर. साडेअकराशे.
क्षितिज दोनशे सुटे सोडून गेला, चहाला म्हणे.
रात्री वही सहज उघडली.
रकाने तिनं स्केलनं आखलेत.
दोष: अर्थिंग.
बसवणारे: बाबा.
शोधणारे, आणि तिथं तिनं आधी स्वतःचं नाव लिहून,
मग स्वल्पविराम देऊन,
माझं.